आशाताई, सेविका, वृद्धाश्रमातल्या मावश्या : डोक्यावरचा ताण आणि लोकांशी बोलणं, तुमच्याकडे काय करता?

तुरीच्या_शेंगा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढते. मी गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख ठेवणारी, यवतमाळ जिल्हा, तालुका सांगत नाही, ओळखणारे ओळखतीलच. माझ्याकडे वीसेक आशाताई, काही कापसाच्या पट्ट्यातल्या, काही जंगलाकडच्या कोलाम पोडांवरच्या, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरच्या.

मध्ये आमच्याकडे तणावमुक्तीचं एकदिवसीय प्रशिक्षण झालं. बाहेरून सर आले होते, माणूस चांगला, आवाज पण गोड. हास्ययोग झाला, मग डोळे मिटायला लावून स्पीकरवर समुद्राच्या लाटा ऐकवल्या. आमच्यातल्या निम्म्या जणींनी समुद्र पाहिलेला नाही, एकजण हळूच म्हणे ताई नळ चालू राह्यला का कुठं. जेवण बरं होतं, पुरीभाजी आणि बुंदी. संध्याकाळी एसटीत बसत नाही तर ग्रुपवर मेसेज, अमुक यादी उद्या सकाळी दहापर्यंत, न पाठवणाऱ्यांची नावं वर कळवण्यात येतील. झालं, लाटा गेल्या.

ट्रेनिंग वाईट होतं असं म्हणणं नाही माझं. पण आमच्या बायांना ताण कशाचा येतो हे आधी कुणी विचारलंच नाही. मी माझ्या गटात विचारलं तेव्हा मला वाटलं होतं कामाचा ढीग सांगतील, तो सांगितलाच, पण सगळ्यात जास्त जे आलं ते हे की बोलणी खावी लागतात. खालून खा आणि वरून खा. गावात सासू म्हणते तू कोण आली शिकवणारी कालची पोट्टी, आणि मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर उभं करतात की तुझ्या गावचं काम शून्य आहे. आणि तिसरं म्हणजे काही वाईट घडलं, बाळ गेलं, कुणी फवारणीचं औषध पिलं, तर त्या रात्री ती बाई एकटी. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे फॉर्म येतो, माणूस येत नाही.

म्हणून मी आता एक करते. महिन्याच्या मीटिंगमध्ये पहिला अर्धा तास रजिस्टर उघडायचं नाही. पिशवीतून बाहेरच काढायचं नाही. एकजण तिच्या महिन्यातली एक गोष्ट सांगते जी तिला जड गेली, बाकीच्यांनी आधी नुसतं ऐकायचं, मध्ये कुणी "तू असं करायला पाहिजे होतं" म्हटलं की त्या बाईनं सगळ्यांचा चहा सांगायचा. मग शेवटी दोघीतिघी सांगतात की आमच्यावर अशी वेळ आली तेव्हा आम्ही काय बोललो. एवढंच. फरक पडतो असं मला वाटते, पण माझं एकटीचं वाटणं आहे. तुम्ही लोक काय करता? अंगणवाडीवाल्या, वृद्धाश्रमवाल्या, दिव्यांग मुलांच्या वसतिगृहात काम करणाऱ्या, सगळ्यांनी लिहा. मोठं लिहिलं तरी चालेल.

वऱ्हाडी_ठेचा

समुद्राच्या जागी निदान पैनगंगेचा आवाज लावाचा होता नं बाप्पा त्या सरांनं 😀

बाकी धागा मस्त, वाचून रायलो.

लाल_बावटा

ताई तुमचा अर्धा तास छान आहे पण मुद्द्याचं बोलू का. ताण कमी करायचा असेल तर पहिले मानधन वेळेवर द्या. अंगणवाडीवाल्यांना २०२३ च्या डिसेंबरात संपावर जावं लागलं, दीड महिन्याच्या वर ऐन थंडीत बायका मोर्चे काढत होत्या, हे कशासाठी, हास्ययोगासाठी? ग्रॅच्युइटी मिळावी म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, एप्रिल २०२२ मध्ये निकाल आला की सेविका मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं आशांना ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार दिला. पुरस्कार जिनिव्हात आणि मोबदल्याचं बिल तालुक्यात पेंडिंग. ही सगळी संवादकौशल्याची ट्रेनिंगं म्हणजे पिकाला पाणी न देता वरून टॉनिक फवारायचं काम आहे. बाईला गोड बोलायला शिकवा म्हणजे ती मागणी करणार नाही, हा त्यातला खरा डाव असतो, राग मानू नका.

तुरीच्या_शेंगा

राग कशाला भाऊ, मी पण मोर्चात होते आशांच्या. तुमचं खरं आहे आणि ते वेगळं लढायचंच आहे. पण बिल उद्या निघालं तरी परवा त्या सासूच्या दारात माझीच बाई उभी राहणार आहे नं. तिला तिथं काय बोलावं हे माहीत असलं तर तिचाच त्रास वाचतो, सरकारचा नाही. दोन्ही गोष्टी सोबत चालू द्या की.

कापूसवेचणी_अंगणवाडी

सेविका आहे मी, बुलढाण्याकडची. ताई तुम्ही ते खालून खा वरून खा म्हटलं नं, आमचं सांगते. पोषण ट्रॅकर ॲपवर आता टीएचआर, म्हणजे घरी न्यायचं आहाराचं पाकीट, देताना चेहरा जुळवावा लागते, जुलै २०२५ पासून कंपल्सरी केलं. कागदावर चांगलं हाये, पाकीट दुसऱ्याच्या हाती नको जायला. पण गरोदर बाई वेचणीले गेलेली असते सकाळी सात वाजता, ते येते संध्याकाळी, तोवर मी अंगणवाडी बंद करून घरी. मग मी फोन घेऊन तिच्या घरी. घरात लाईट नाही, चेहरा जुळत नाही, बाहेर ओसरीत आणलं तर नेटवर्क नाही, मग शाळेमागच्या टाकीजवळ चला, तिथं एक दोन काड्या येते. दिवसभर वाकून वेचलेली पोटुशी बाई, तिले मी म्हणतो डोळे मिचकाव, मान हलव. तिचा नवरा दारातून म्हणते काऊन वं बाई, आमचं पाकीट तुह्या बापाचं हाय का. आता तो राग माह्यावर नाही हे मले समजते, पण शब्द तर माह्याच अंगावर येते नं.

मी एक शिकली त्यातून. आधी मी खुलासे देत होती, वरून आलं हो, माह्या हातात नाही, सर्व्हर हाय, ते समजूनच नाही घेत कोणी. आता पहिलं वाक्य म्हणतो, "भाऊ, बाई थकून आली अन् मी तिले उभं ठेवलं, तुमाले राग येणारच." एवढं म्हटलं की तो माणूस अर्धा खाली येते. मग म्हणतो, आज नाही झालं तर उद्या वावरात जायच्या आधी सहा वाजता येतो, चालते का? तो स्वतःच म्हणते या मग. काम तेवढंच लागते पण घरी जाऊन माह्या डोक्यात ते घुमत नाही.

तुरीच्या_शेंगा

हे "तुम्हाला राग येणारच" वालं वाक्य मी लिहून घेतलं 🙏

समाजकार्य_मास्तर

मी एमएसडब्ल्यूच्या पोरांना शिकवतो, अमरावतीकडे. या धाग्यावर दोन बाजू झाल्यात, लाल_बावटा म्हणतात पैसा आणि व्यवस्था, ताई म्हणतात बोलणं आणि ऐकणं. थोडं शिकवण्यातलं सांगतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली त्यात तीन गोष्टी आहेत, अंगातली ताकद संपल्यासारखं होणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होतच नाही असं वाटणं. आणि त्यांनी तो आजार म्हणून धरलेला नाही, कामाच्या जागेशी जोडलेली गोष्ट म्हणून धरला. म्हणजे बाई कमजोर आहे म्हणून होत नाही, कामाची जागा तशी आहे म्हणून होते. लाल_बावटा यांच्या बाजूनं हा पॉइंट जातो.

त्याच्या आधी १९७९ मध्ये कारासेक नावाच्या माणसानं मांडलं होतं की नुसतं काम जास्त असण्यानं माणूस तेवढा मोडत नाही, काम जास्त आणि निर्णय हातात काहीच नाही, हे जोडीनं आलं की मोडतो. पुढे त्यात तिसरी गोष्ट जोडली गेली, सोबतच्या लोकांचा आणि वरिष्ठाचा आधार. आता आशाताईचं काम पाहा. यादी कुणी ठरवली, वरून. तारीख कुणी ठरवली, वरून. ॲप कुणी ठरवलं, वरून. तिच्या हातात उरतं काय, तर दारात उभं राहून कसं बोलायचं एवढंच. म्हणून मला वाटतं बोलण्याचं कौशल्य हे गोडगोड प्रकरण नाही, तिच्या मालकीची तेवढी एकच जागा शिल्लक आहे. आणि ताईंचा अर्धा तास म्हणजे तो तिसरा आधार. हे माझं मत, वाद घाला.

लाल_बावटा

वाद नाही घालत सर, पण मग यादीची तारीख ठरवताना बायांना विचारा हे पण त्याच ट्रेनिंगमध्ये साहेबांना शिकवा. ट्रेनिंग नेहमी खालच्यालाच का?

समाजकार्य_मास्तर

शंभर टक्के सहमत.

धानाची_रोवणी

गडचिरोलीकडून जी. साहेबांना शिकवा वरून आठवलं म्हणून लिहितो. आमच्या जिल्ह्यातलं सर्च संस्थेचं काम सगळ्यांना माहीत आहे, डॉक्टर अभय बंग आणि राणी बंग यांचं. १९९५ ते ९८ मध्ये ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, बाळं दगावण्याचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं, १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. आज आशाताई ज्या एचबीएनसीच्या, म्हणजे नवजात बाळाच्या घरच्या, भेटी देतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अन् बाळंतपण घरी झालं तर पहिल्या दिवशी पण, त्या तिथूनच देशभर गेल्या. इथपर्यंत सगळे सांगतात. पण त्या कामातली एक गोष्ट लोक विसरून जातात जी. तिथं दर पंधरा दिवसांनी डॉक्टर स्वतः गावात जाऊन त्या बाईचं रेकॉर्ड पाहायचा, चूक असली तर तिथंच बसून दुरुस्त करायचा अन् शिकवायचा. म्हणजे वरचा माणूस तिच्या अंगणात यायचा. आता उलटं झालं, बाई पिशवी घेऊन तालुक्याला जाते अन् तिथं उभी राहून ऐकते. मॉडेल घेतलं, भेटीच्या तारखा घेतल्या, त्या भेटींचे आशाला २५० रुपये ठरवले, अन् तो पंधरा दिवसांनी येणारा माणूस मात्र रस्त्यातच कुठंतरी राहून गेला.

आमच्याकडे तर पावसाळ्यात नाल्याला पूर आला की ना ती जाऊ शकते ना कोणी येऊ शकते, तवा तिला फोनवर नुसतं "कशी आहेस बाई" एवढं विचारणारा पण कोणी पाहिजे. यादी विचारणारे मस्त आहेत.

तुरीच्या_शेंगा

धानाची_रोवणी दादा, फार मोलाचं लिहिलं. मी गटप्रवर्तक म्हणून खरं तर तेच काम करायचं, गावात जाऊन सोबत भेट द्यायची, पण माझे पण दिवस ऑनलाइन रिपोर्टमध्ये जातात.

सासूचं एक सांगते आता, कारण दोघीतिघींनी मेसेजमध्ये विचारलं. आमच्या एका आशाताईच्या गावात बाळाला जन्मल्याबरोबर मध चाटवतात. ही दारात जाऊन सांगायची मध देऊ नका, सहा महिने फक्त आईचं दूध. बरोबरच आहे ते. पण सासू म्हणे माझे पाच वाढले मधावर, तू तुझे वाढव. दोन घरी तर तिला बसा पण म्हटलं नाही. मग अर्ध्या तासात तिनं हे सांगितलं. आमच्यातलीच एक वयस्क आशा आहे, नऊवारी नेसते, तिनं सांगितलं की मी पहिल्या भेटीत काहीच सांगत नाही. बाळ मागते, मांडीवर घेते, अन् आजीला विचारते, "तुमच्या येळी बाळंतपण कसं व्हायचं वं आजी? सुईण कोण होती?" आजी वीस मिनिटं सांगते. सांगता सांगता कधी कधी आजीच सांगते की माझा एक गेला होता सटवीच्या आतच. तिथं ही काहीच बोलत नाही, नुसती बसते. मग उठताना विचारते, "आजी, सिस्टरनं मला मधाबद्दल एक सांगितलं आहे, तुम्हाला सांगू का?" सांगू का असं विचारलं तर आजवर कुणी नाही म्हटलं नाही म्हणे. मग आजी ऐकते. ऐकलं म्हणजे मानलंच असं नाही, पण पुढच्या भेटीला दार उघडते.

आता हे कोणत्याच मॉड्यूलमध्ये नाही असं मी म्हणणार होते, पण मास्तर म्हणतील आहे.

समाजकार्य_मास्तर

आहे 😀 आधी विचारा, ऐका, मग परवानगी घेऊन माहिती द्या. समुपदेशनात याला मोठं नाव आहे. पण तुमच्या नऊवारी ताईंनी ते शोधून काढलं, त्यांचा मान त्यांनाच.

सेवाग्राम_रोड

मी वर्ध्याकडे एका वृद्धाश्रमात काळजीवाहक म्हणून काम करते, नाव सांगत नाही. आमच्याकडे आशा अंगणवाडीसारखा गाजावाजा नाही, आम्हाला लोक मावशीच म्हणतात, काम म्हणजे आंघोळ घालणं, डायपर बदलणं, भरवणं, रात्री कुशीवर वळवणं. पाठ जाते आधी, मग डोकं जाते.

आमच्याकडे एक आजी आहेत, विसरण्याचा आजार आहे. रोज दिवेलागणीला दाराशी जाऊन उभ्या राहतात, म्हैस दोहायची आहे, घरी जाऊ द्या. नवीन मुलगी आली होती कामाला, ती समजावून सांगायची, आजी तुमचं घर विकलं, म्हैस नाही आता, तुमचा मुलगा पुण्याला आहे. रोज खरं सांगायची आणि आजीला रोज नव्यानं ते कळायचं, रोज रडारड, एकदा तर चावल्या तिला. ती मुलगी म्हणे मी सोडते काम, मला मारतात, मी काय पाप केलं. आमच्यातल्या मोठ्या मावशीनं तिला बाजूला बसवलं अन् दुसऱ्या दिवशी दाखवलं. आजी दाराशी गेल्या, मावशी समोरून गेली, मागून नाही, मागून हात लावला की दचकतात, थोडी खाली वाकली, डोळ्याला डोळा दिला अन् म्हटलं, "किती दूध द्यायची जी तुमची म्हैस?" आजी म्हणे सकाळी चार शेर. "अन् वासरू?" "वासरू नाही वं, पारडू म्हण." मग दोघी हसत हसत जेवणाच्या खोलीत. म्हैस आहे की नाही हा वादच नाही घातला.

आम्ही आता नवीन बाईला पहिल्या आठवड्यात एवढंच सांगतो. एकावेळी एकच वाक्य. "आठवते का" हा प्रश्न विचारायचा नाही, न आठवणाऱ्याला ती परीक्षा होते. अन् मारलं, चावलं, शिवी दिली तर ती आजाराची आहे, पण तुला लागलं ते खरं आहे, म्हणून लगेच तिथून बाजूला हो अन् दुसरीला बोलव, पाच मिनिटं बाहेर जा. हे पाच मिनिटं मिळायला दुसरी बाई असावी लागते मात्र. रात्रपाळीला एकटीच असली तर काय डोंबल बाहेर जाणार. इथं लाल_बावटा भाऊंचं पटते मला.

वऱ्हाडी_ठेचा

मावशी तुमची पोस्ट मी माह्या मायले वाचून दाखवली. माही आजी अशीच होती, आम्ही रोज तिच्याशी भांडत होतो की आजोबा वारले म्हून. कोणी सांगतलंच नाही तवा.

आशाताईचा_नवरा

आयडी वाचून हसू नका, बायकोनंच ठेवायला लावला. मी शेती करतो, सोयाबीन अन् तूर. बायको आशा आहे. एवढं सगळं वाचलं, सगळे कामावरच्या ताणाचं लिहून रायले, पण काम संपते कुठं हे कोणी लिहिलं नाही. नोकरीवाला माणूस दार बंद करून घरी येते. हिचा नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर ऑइल पेंटनं लिहिलेला आहे. रात्री दोनला फोन येते, कळा सुरू झाल्या, १०८ ला लावला पण गाडी येऊन नाही रायली. ही उठून जाते. ठीक आहे, त्याचं काही नाही, जीवाचा प्रश्न आहे. पण सकाळी विहिरीवर, दळणाच्या रांगेत, लग्नात पंगतीत, तिथं पण वं बाई माझं कार्ड झालं का, माझे पैसे आले का. अन् ही ज्या घरी समजावायला जाते त्या घरी माझं उठणं बसणं, त्यांच्यात अन् आमच्यात धुऱ्याचं भांडण चालू. मग ते भांडण पण हिच्यावर निघते.

आम्ही घरात एक केलं. जेवताना फोन माह्याकडं. मी उचलतो. कळा, ताप, साप चावला, पडलं, असं काही असलं तर तिले देतो. कार्ड, पैसे, यादी असं असलं तर म्हणतो ताई उद्या नऊ वाजता आहे. लोकं पहिले नाराज झाले, मग सवय लागली. साहेब लोकं पण कधी मी उचलला की दबकून बोलते हे एक फायद्याचं आहे 😀

कापूसवेचणी_अंगणवाडी

भाऊ तुमच्यासारखा नवरा सगळ्याईले मिळो. आमच्या घरी म्हणते पाच पैशाची नोकरी अन् साहेबाचा तोरा.

मोहफूल_१९

एक नाजूक विषय आहे, काढू का नको विचार करत होते. ताणात हा पण एक भाग असतो जो मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही. एकटं फिरावं लागतं, सर्व्हेला, रात्री बेरात्री, आणि काही पुरुष काय काय बोलतात, फोनवर पण. माझ्या माहितीतल्या एका मुलीनं याच्यामुळे काम सोडलं आणि घरी कारण सांगितलं तब्येतीचं. तिला वाटलं आपलं काही ऑफिस नाही तर तक्रार कुठं करणार.

तुरीच्या_शेंगा

बरं झालं काढला विषय. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तरतूद आहे. ज्यांना ऑफिसातली समिती नाही त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्याला स्थानिक समिती असते, तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं त्यांच्यावर आहे. आणि हे लक्षात ठेवा की सुप्रीम कोर्टाच्या ज्या विशाखा निकालातून, १९९७ च्या, हे सगळं सुरू झालं तो भंवरीदेवींच्या प्रकरणातून आला. त्या राजस्थानात साथिन होत्या, म्हणजे आपल्यासारख्याच गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून त्यांच्यावर १९९२ मध्ये अत्याचार झाला. कायदा आपल्याच कामातून आलेला आहे, आपल्याला लागू नाही असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. मी आमच्या गटात नियम केलाय, ज्या घराबद्दल एकीला शंका आहे तिथं दुसरीनं सोबत जायचं, कारण विचारायचं नाही.

धानाची_रोवणी

अन् ज्या दिवशी कोणी जीव देते त्या दिवसाचं काय करता ताई? वर तुम्ही फवारणीचं औषध लिहिलं म्हणून विचारतो. आमच्याकडे कमी आहे, तुमच्याकडे जास्त.

तुरीच्या_शेंगा

हा प्रश्न येणार होताच. आपल्याकडे २०१५ पासून १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आहे, शेतकऱ्यांच्या मनाच्या आरोग्याचा, त्यात आशाच घरोघरी जाऊन विचारते, झोप लागते का, मन लागते का, जीव नकोसा वाटते का. तीच बाई त्या घरची शेजारीण असते. आणि तरी एखाद्या घरी होऊन जाते. मग ती म्हणते मी तर मागच्या महिन्यात विचारलं होतं, नाही म्हणाला होता तो.

आम्ही काय करतो ते सांगते, बरोबर की चूक तुम्ही ठरवा. त्याच दिवशी मी किंवा जवळच्या गावची आशा तिच्या घरी जाते. प्रश्न विचारायला नाही. स्वयंपाक करायला म्हणा ना, त्या दिवशी तिच्या घरची चूल कोणी पेटवत नाही. कागद असले तर ते मी भरते. आणि त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये ती बोलली तर बोलली, नाही बोलली तर कुणी विचारायचं नाही. पुढच्या महिन्यात मात्र मी बाजूला घेऊन विचारते. झोप नाही लागत, सारखं तेच दिसते, दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर टेली-मानस आहे, १४४१६, २०२२ मध्ये सुरू झालं, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. हा नंबर आपण लोकांना वाटतो आणि स्वतः कधी लावत नाही. माझ्या मोबाईलवरून लावून देते मी, कारण तिला भीती असते की नवरा पाहील कुणाला फोन केला.

सेवाग्राम_रोड

१४४१६ मी पण लावला होता एकदा. बाई होती पलीकडे, शांतपणे ऐकलं तिनं. एवढंच सांगते.

समाजकार्य_मास्तर

ताई, तुम्ही जे बसून ऐकण्याचं करता त्यात एक सुचवू का. आपल्या अमरावतीत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, ३० गावांत. गावातलेच लोक शिकून मनाच्या त्रासाबद्दल बोलायला लागले, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते ते २७.२ टक्क्यांवर गेले, दीड वर्षात. लॅन्सेट सायकियाट्रीत २०१७ ला आलं. मुद्दा हा की गावातली साधी माणसं हे करू शकतात, पण त्यांच्या मागं कुणीतरी नियमित बसतं तेव्हाच. तुमचा अर्धा तास चुकूनही चौकशीत बदलू देऊ नका. महिन्याला बोलणारी बाई आधीच ठरवा, नाहीतर बोलक्या दोघीच बोलतात.

तुरीच्या_शेंगा

हे झालंच आहे आमच्याकडे, बोलक्या दोघीच बोलतात 😀 चिठ्ठ्या टाकते आता.

कापूसवेचणी_अंगणवाडी

ताई आमच्या बीटमध्ये, म्हणजे आजूबाजूच्या अंगणवाड्याईच्या गटात, पण करून पाहावं म्हणतो. पण आमच्या वरच्या मुख्यसेविका मॅडम बसल्या तर कोणी तोंड उघडणार नाही अन् त्याईले बाहेर बसा म्हणू शकत नाही. काय करावं?

तुरीच्या_शेंगा

मॅडमला पहिली बोलायला लावा. खरंच. त्यांना पण वरून मिळतातच की बोलणी. आमच्या इथं मी पहिल्या महिन्यात माझी गोष्ट सांगितली, एका मीटिंगमध्ये मला भर सभेत काय ऐकावं लागलं होतं ते. मग बाकीच्या बोलल्या. मॅडम तयार नसल्या तर अर्धा तास लवकर जमा, मॅडम यायच्या आधी, चहाच्या नावाखाली.

लाल_बावटा

चहाचं बिल पण पेंडिंगच राहील ते.

ताई एक विचारू, मिनिट बुकात काय लिहिता त्या अर्ध्या तासाचं? ऑडिटवाला विचारतो आमच्याकडे.

तुरीच्या_शेंगा

"विविध विषयांवर चर्चा करण्यात आली." सह्या सगळ्यांच्या. आजवर कुणी विचारलं नाही कोणते विषय.